गिरणीतली मुलगी आणि पात्रतेची अट

(परळ येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रित प्रत)



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने मला फोनवर विचारलं, ‘बाई, अंतराळवीर वगैरे ठीक आहे, पण आपल्या गिरणगावाचा त्याच्याशी संबंध काय?’ संबंध सरळ आहे. अंतराळात गेलेली जगातली पहिली बाई सूतगिरणीत कामाला होती. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव येतं, जून १९६३ ही तारीख येते, आणि धडा संपतो. गिरणीचा उल्लेख आला तर एका ओळीत येतो. मला आज त्या एका ओळीवर बोलायचं आहे. ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण इथे दरवर्षी जमतो, त्यांनी आयुष्यभर रात्रशाळेत शिकवलं. पाळी संपवून, डोक्यातला कापूस झटकून वर्गात येणारी मुलं त्यांनी पाहिली होती. त्यांना हा विषय परका वाटला नसता.

व्हॅलेंतीना तेरेश्कोवा ६ मार्च १९३७ रोजी व्होल्गा नदीच्या काठच्या यारोस्लाव प्रांतातल्या एका खेड्यात जन्मली. बाप ट्रॅक्टर चालवायचा. फिनलंडबरोबरच्या युद्धात रणगाड्यावर होता, तिथेच गेला. मुलगी तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षांची. आईच्या पदरात तीन पोरं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा आई त्यांना घेऊन यारोस्लाव शहरात आली आणि गिरणीत लागली. मुलगी आठ वर्षांची झाल्यावर शाळेत गेली. सातवीपर्यंतचं शिक्षण झालं, सोळाव्या वर्षी दिवसाची शाळा सुटली. मग टायरच्या कारखान्यात काम, आणि १९५५ मध्ये आई नि बहीण जिथे होत्या त्याच ‘क्रास्नी पेरेकोप’ गिरणीत. एक कमावता माणूस गेला की घर गिरणीच्या दारात येतं, आणि घरातलं एक माणूस आत गेलं की बाकीचे त्याच्या मागून आत जातात, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको.

ती गिरणी जुनी. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला काढली. यारोस्लावच्या त्या गिरणीची सुरुवात १७२२ सालची. झारच्या काळात ती मालकाची होती, क्रांतीनंतर सरकारची झाली. कापसाचं सूत होणं मात्र मालक बदलल्याने बदलत नाही. व्हॅलेंतीना ड्रॉइंगवर होती. ज्यांनी ते खातं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कार्डिंगमधून पिंजलेल्या कापसाचा पेळू येतो. जाड, मऊ, हात लावला तर तुटेल असा. तो उंच डब्यात वेटोळी घालून पडलेला असतो. असे सहा-आठ डबे यंत्रामागे उभे करायचे, त्या सगळ्यांचे पेळू एकत्र रुळांमध्ये सोडायचे, आणि पुढचे रूळ मागच्यांपेक्षा वेगाने फिरत असल्यामुळे सगळ्यांचा मिळून ओढून एक सारखा पेळू बाहेर पडतो. एकात जाड भाग असला तर दुसऱ्याचा बारीक भाग तो झाकतो. सूत पुढे सारखं निघेल की गाठाळ निघेल, ते इथेच ठरतं. मागचा एखादा पेळू संपला किंवा तुटला तर तो ताबडतोब हाताने, बोटांच्या चिमटीत पिळून जोडायचा. थोडा उशीर झाला तरी पुढचं सगळं सूत कमी वजनाचं जातं. यंत्राच्या आवाजात कान चालत नाहीत, डोळे चालतात. आपल्याकडच्या वाइंडिंगमधल्या बाया ज्या सफाईने तुटलेल्या धाग्याला गाठ मारून पुढच्या कांडीकडे वळायच्या, त्याच जातीचं हे काम.

पाळी सुटल्यावर ती काय करायची, याच्याकडे मात्र लक्ष द्या. संध्याकाळच्या कामगार शाळेत तिने राहिलेलं शिक्षण पुरं केलं. पत्रद्वारे वस्त्रोद्योगाच्या तंत्रशाळेचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये कापूस-कताईतली तंत्रज्ञ म्हणून पदविका घेतली. त्याच सुमारास गिरणीतल्या तरुणांच्या कम्युनिस्ट संघटनेची ती सचिव झाली. आणि शहरातल्या एअरोक्लबमध्ये नाव घातलं. २१ मे १९५९ रोजी तिने पॅराशूटने पहिली उडी मारली. पुढच्या काही वर्षांत उड्यांची संख्या नव्वदच्या आसपास गेली.

सोव्हिएत एअरोक्लब म्हणजे श्रीमंतांची जिमखान्यासारखी सोय नव्हे, हे आधी स्पष्ट करते. ते क्लब लष्कराला पूरक अशा एका देशव्यापी संघटनेचे होते. गावोगावच्या पोरापोरींना उडी मारायला, नेम धरायला, विमान चालवायला शिकवून ठेवायचं, म्हणजे उद्या युद्ध झालं तर हाताशी माणसं असतील, हा हिशेब. त्यात कळवळ्याचा भाग फारसा नव्हता. पण परिणाम असा झाला की गिरणीत ड्रॉइंगवर काम करणाऱ्या मुलीला सुट्टीच्या दिवशी विमानातून उडी मारता येत होती, आणि त्यासाठी तिला पगार मोडावा लागत नव्हता. युरी गागारिनचीही तीच वाट. तो ओतकामाचं शिक्षण घेतलेला पोरगा, सुताराचा मुलगा. सारातोव्हच्या तंत्रशाळेत शिकताना तिथल्या एअरोक्लबात विमान चालवायला शिकला. १९६१ च्या अखेरीला तो भारतात आला, मुंबईतही आला. गिरणीत काम केलेल्या आपल्या अण्णा भाऊ साठ्यांनीही त्याच वर्षी रशिया पाहिला आणि प्रवासवर्णन लिहिलं. मॉस्कोत आज अण्णा भाऊंचा पुतळा आहे.

आता अटीकडे येते, कारण माझं सगळं म्हणणं तिथे आहे.

गागारिन जाऊन आल्यावर अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख निकोलाय कामानिन यांच्या मनात आलं की अमेरिकन बाई जायच्या आत आपली गेली पाहिजे. हेतू राजकीय होता; त्यांनी तो दडवलाही नाही. मग निवड कुणाची करायची? अटी ठरल्या: वय तिशीच्या आत, उंची १७० सेंटिमीटरच्या आत, वजन ७० किलोच्या आत, आणि पॅराशूटचा अनुभव. विमान चालवता येणं सक्तीचं नव्हतं. याला तांत्रिक कारण होतं. वोस्तोक यान स्वयंचलित होतं. आत बसलेल्या माणसाने काही न करताही ते जाऊन परत येऊ शकत होतं. पण त्याच्यात माणसासह अलगद उतरण्याची सोय नव्हती. सुमारे सात किलोमीटर उंचीवर आसनासकट बाहेर फेकलं जायचं आणि स्वतःच्या पॅराशूटने जमिनीवर यायचं. (गागारिनच्या वेळी रशियाने ही गोष्ट लपवून ठेवली, कारण जागतिक विक्रमाच्या नियमाप्रमाणे वैमानिकाने यानातच उतरायला हवं होतं.) म्हणजे यंत्र कसं बनवलं होतं त्यावरून अट ठरली, आणि त्या अटीने एअरोक्लबांची दारं उघडली. चारशेहून अधिक मुलींच्या नोंदी चाळल्या गेल्या आणि १९६२ च्या सुरुवातीला पाच जणी निवडल्या: तात्याना कुझनेत्सोवा, इरिना सोलोव्योवा, झान्ना योरकिना, व्हॅलेंतीना पोनोमार्योवा आणि आपली गिरणीवाली.

त्याच वेळी अमेरिकेत काय चाललं होतं ते शेजारी ठेवून पाहा. तिथे तेरा वैमानिक स्त्रिया एका खासगी वैद्यकीय तपासणीत पुरुष अंतराळवीरांच्या बरोबरीने पास झाल्या होत्या. त्यांच्यातली जेरी कॉब हिच्याजवळ उड्डाणाचे दहा हजारांवर तास होते. तेरेश्कोवाने विमानाचा दांडाही कधी हातात धरला नव्हता. पण नासाची अट होती की अंतराळवीर जेट विमानांचा चाचणी वैमानिक असावा, आणि लष्कराच्या चाचणी वैमानिकांच्या शाळेत बायकांना प्रवेशच नव्हता. जुलै १९६२ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. तिथे अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी बायका या क्षेत्रात नाहीत हे आपल्या समाजरचनेचं वास्तव आहे, अशा अर्थाचं सांगितलं. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही. अट होती, ती पाळली गेली. जेरी कॉब घरी गेली.

गुणवत्ता गुणवत्ता आपण म्हणतो, पण ती मोजली जाते कुठल्यातरी अटीच्या आत. अट लिहिणाऱ्याने दहा हजार तासांच्या वैमानिक बाईला बाहेर ठेवलं आणि दुसऱ्या देशात अट लिहिणाऱ्याने ड्रॉइंग खात्यातल्या बाईला आत घेतलं.

म्हणून ती केवळ नशिबाने गेली असं म्हणायचं का? नाही. वर्षभर त्या पाच जणींना सेंट्रिफ्यूजवर फिरवलं, तापवलेल्या खोलीत बसवलं, आवाज नसलेल्या खोलीत दिवसेंदिवस एकटं ठेवलं, पॅराशूटच्या उड्या मारायला लावल्या, रॉकेटशास्त्र शिकवलं. अभ्यासात पोनोमार्योवा सर्वांत पुढे होती, उड्यांचा अनुभव सोलोव्योवाचा कितीतरी मोठा होता. तरी तेरेश्कोवाला निवडलं, आणि इथे गिरणी पुन्हा कामाला आली. बाप युद्धात गेलेला, आई गिरणीत, स्वतः कामगार, संघटनेची सचिव, चारचौघांत बोलायला न लाजणारी. जगापुढे उभं करायला याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार? आधी उड्यांमुळे ती आत आली आणि नंतर कापसामुळे पुढे गेली. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. पुरुषांच्या निवडीतही असे हिशेब होते. त्यांच्याबद्दल आपण ते उकरून काढत नाही, एवढंच.

१६ जून १९६३ ला वोस्तोक–६ उडालं. बिनतारी संदेशातलं तिचं नाव ‘चायका’, म्हणजे समुद्रपक्षी. आईला तिने सांगितलं होतं की पॅराशूटच्या सरावाला जाते आहे. आईला खरं कळलं ते बातमीतून. यानाचा गोळा सुमारे २.३ मीटर व्यासाचा. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा काढून उरलेल्या जागेत मावावा एवढा. त्यात जाड पोशाखात, आसनाला बांधलेल्या अवस्थेत ती जवळजवळ तीन दिवस होती. ७० तास ५० मिनिटं, पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या. तोवर अमेरिकेच्या सहाही अंतराळवीरांचे मिळून ५४ तास भरत होते. तिच्या दोन दिवस आधी निघालेला अंतराळवीर बिकोव्स्की दुसऱ्या यानात होता आणि एका क्षणी दोन्ही यानं पाच किलोमीटरवर आली होती.

या तीन दिवसांबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले. तिला उलट्या झाल्या, खांदा आणि पाय दुखले, यान हाताने वळवून दिशा साधायचं काम आधी जमलं नाही, शेवटी जमलं. सोव्हिएत अधिकाऱ्यांपैकी काहींनी त्यावरून खासगीत नापसंती लिहून ठेवली आणि ‘बाया या कामाला नाहीत’ या मताला ती पुरावा म्हणून वापरली. ती स्वतः काय सांगते ते वेगळं आहे. वर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की यानाची दिशा चुकीची भरली आहे. परतीच्या वेळी इंजिन चाललं तर यान खाली येण्याऐवजी आणखी वर जाईल. तिने खाली कळवलं, नवीन आकडे पाठवले गेले, तिने ते भरले. मुख्य अभियंते सर्गेई कोरोल्योव्ह यांनी ही गोष्ट बाहेर सांगू नकोस अशी विनंती केली. तिने ती चाळीस वर्षं पाळली. या चाळीस वर्षांत ‘घाबरली, गोंधळली’ हे तिच्या नावावर फिरत राहिलं आणि तिला उत्तर देता येत नव्हतं. मुकादमाची चूक कामगाराच्या नावावर जाणं आपल्याला नवीन नाही. मागचा पेळू कुठे तुटतोय याच्यावर डोळा ठेवायची सवय तिला वर कामी आली असेल का, असं मनात येतं. पण मी तसं ठामपणे म्हणणार नाही.

१९ जूनला ती अल्ताई प्रांतात उतरली. वारा होता, उतरताना नाकाला मार लागला. जवळपासच्या शेतकऱ्यांनी दूध, बटाटे पुढे केले, तिने ते खाल्ले आणि स्वतःजवळचं अंतराळातलं खाणं त्यांना वाटून टाकलं. डॉक्टर भयंकर रागावले, कारण उरलेलं अन्न मोजायचं होतं. तिने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला आवडते. यानात दात घासायची पेस्ट ठेवली होती, पाणी ठेवलं होतं, ब्रश ठेवायला विसरले होते.

आता लालबागला परत या. तेरेश्कोवा १९५५ साली गिरणीत लागली तेव्हा आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे बायका गिरणीत होत्या आणि त्या गप्प नव्हत्या. २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा घेतली, तिथे दोन कामगार बायकांनी भाषण केलं. त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मिळाली. १९२८–२९ च्या संपांत कामगार पुढारी उषाताई डांग्यांबरोबर वाइंडिंग-रिळिंगच्या बाया रस्त्यावर आल्या. बायकांच्या खात्यावर नायकीण असायची. ती कामही द्यायची आणि त्याबद्दल दस्तुरीही, म्हणजे हप्ताही, घ्यायची. १९३० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई होती. गिरणी कामगारांचा मोठा संप झाला त्या १९८२ साली मोजायला गेलात तर शंभरात चार-पाच.

त्या कुठे गेल्या? त्यांना हाकललं असं कुठल्या फायलीत लिहिलेलं मिळणार नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. कायदा योग्यच. मालकांनी त्यातून ठरवलं की बाई महाग पडते. बायकांनी रात्रपाळी करायची नाही हाही नियम त्यांच्या भल्याचा. पण गिरण्या तीन पाळ्यांत गेल्या, आणि जिला तिसरी पाळी करता येत नाही तिला बदली कामगाराचं कार्ड कोण देणार? वाइंडिंगला वेगाची नवी यंत्रं आली तेव्हा त्यांच्यावर पुरुष बसले. पुन्हा तेच: कुणी नाही म्हटलं नाही. अट बदलली.

आणि पाळीनंतरचे तास? त्या बाबतीत गिरणगाव भिकारी नव्हतं. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून वाचनालयं चालवली, रात्रशाळा काढल्या. व्यायामशाळा होत्या, कबड्डीचे संघ होते, भजनी मंडळं, कामगार नाट्यस्पर्धा. लालबाग-परळने महाराष्ट्राला नट दिले, शाहीर दिले, खेळाडू दिले. यातलं जवळजवळ सगळं पुरुषांचं होतं. बाई पाळीहून सुटली की नळावर, नळावरून चुलीपाशी. खानावळ चालवणारी असली तर पंधरा-वीस जणांच्या भाकऱ्या. कामगार कल्याण केंद्रात तिच्यासाठी शिवणवर्ग असायचा. शिवणवर्गाला मी नावं ठेवणार नाही, त्यावर कितीतरी घरं उभी राहिली आहेत. पण यारोस्लावच्या मुलीला पाळीनंतर पॅराशूट मिळालं आणि परळच्या मुलीला शिवणयंत्र, हा फरक मुलींचा नव्हता.

उडायची सोय मुंबईत नव्हती असंही नाही. जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी तिथूनच परवाना मिळाला. जुहू लालबागपासून काही फार दूर नाही. भारतीय हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनीही तेरेश्कोवाप्रमाणे १९५९ सालीच पॅराशूटची उडी घेतली. त्या डॉक्टर होत्या, अधिकारी होत्या. धैर्य दोघींचं सारखंच. एकीला ते दाखवायला आधी वैद्यकीय पदवी लागली, दुसरीला लागली नाही.

इथे मला सोव्हिएत गोडवे गाऊन थांबता येणार नाही, कारण पुढची हकीकत वेगळी आहे. पाचांपैकी बाकीच्या चौघी कधीच गेल्या नाहीत. १९६९ मध्ये त्यांचा गट मोडला. दुसरी बाई अंतराळात जायला १९ वर्षं लागली. १९८२ च्या ऑगस्टमध्ये स्वेत्लाना सावित्स्काया गेली, आणि घाईचं एक कारण पुन्हा तेच, पुढच्या वर्षी अमेरिकेची सॅली राइड जाणार होती. तेरेश्कोवाने नोव्हेंबर १९६३ मध्ये अंतराळवीर निकोलायेव्हशी लग्न केलं, मुलगी झाली, हवाई दलाच्या अभियांत्रिकी अकादमीतून पदवी घेतली. पुन्हा वर जायला मात्र तिला मिळालं नाही. तिला देशोदेशी भाषणं करायला पाठवलं. इरिना सोलोव्योवा, जी तेरेश्कोवाच्या जागी कधीही जायला तयार बसली होती, १९८८ मध्ये बायकांच्या तुकडीबरोबर अंटार्क्टिकाच्या बर्फावर स्कीइंग करत गेली. या मोहिमेबद्दल मला त्या सगळ्या पदकांपेक्षा जास्त वाचायला आवडलं असतं.

आणि तेरेश्कोवाबाई आज रशियाच्या संसदेत आहेत. १० मार्च २०२० रोजी पुतिन यांना पुन्हा निवडणूक लढवता यावी म्हणून त्यांच्या आधीच्या कारकिर्दी मोजूच नयेत, ही सूचना त्यांनीच मांडली. दुसऱ्याची अट सैल करण्याचं काम त्यांच्या हातून झालं ते असं. माझ्या काही मित्रांचं म्हणणं पडलं की अशा बाईवर व्याख्यान कशाला. मी म्हटलं, ड्रॉइंगवरच्या बावीस वर्षांच्या मुलीने काय केलं ते त्र्याऐंशीतल्या बाईमुळे खोडून निघत नाही, आणि तिच्यामुळे हिचं झाकलंही जात नाही. दोन्ही सांगायचं.

शेवटी आपल्या देशाबद्दल. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझमधून गेले तेव्हा गिरणगावात संप मोडून पडला होता, पण तो मागे घेतल्याची घोषणा कुणी केली नव्हती. आता गगनयानासाठी चार जणांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली: प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशु शुक्ला. चौघेही उत्तम, चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक, चौघेही पुरुष. अट चाचणी वैमानिकाची होती. १९६२ च्या वॉशिंग्टनमध्ये होती तीच. पहिल्या उड्डाणाला अशी माणसं हवीत हे तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखं आहे, मी त्यावर वाद घालत नाही. पण त्याआधीच्या माणूस नसलेल्या उड्डाणासाठी इस्रोने एक यंत्रमानव तयार केला आहे. तो बाईच्या रूपात आहे आणि त्याचं नाव व्योममित्र. तिला पात्रतेची कुठलीच अट लागली नाही.

प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं ठेवा असं अध्यक्षांनी बजावलं आहे, तेव्हा इथे थांबते.